समोरचा जिना

निळ्या पट्ट्या सकाळीच लावून झाल्या. थोरल्याने त्या मुद्दाम छापून आणल्या होत्या, आणि एकेका दाराशी उभं राहून, एक डोळा मिटून, गवंडी ओळंबा बघतो तशा सरळ चिकटवल्या होत्या. दाराच्या कडेपासून चौकटीपर्यंत आडवी पट्टी. वर ठळक अक्षरं : ‘खोली निर्जंतुक केली आहे. त्यानंतर आत कोणीही गेलेले नाही.’

त्याची बायको धुतलेल्या चादरींचा ढीग छातीशी धरून वर आली आणि वऱ्हांड्यात थबकली.

“कसं दिसतंय?” थोरल्याने विचारलं.

“जप्ती आल्यासारखं.”

“तुला ना, कशाचं म्हणून कौतुक नाही.”

“कौतुक आहे हो. पण कोपऱ्याच्या खोलीत उशांना अभ्रे घालायचे राहिलेत. आता आत कशी जाऊ?”

“मागून जा की. नेहमीसारखी.”

“मग हे ‘आत कोणीही गेलेले नाही’?”

“अगं, तू म्हणजे कोणी का?”

तो सहज बोलला आणि शिडी उचलून खाली गेला. थोरलीला हसू आलं. पण ते वाक्य तिच्या मनात कुठेतरी कुसळासारखं अडकून राहिलं.

मागून जायचं म्हणजे सज्ज्यातून. अण्णांनी, तिच्या सासऱ्यांनी, हे हॉटेल बांधलं तेव्हाच प्रत्येक खोलीला दोन दारं ठेवली होती. पुढचं पाहुण्याचं, मागचं सफाईचं. मागच्या दारांना जोडणारा एक अरुंद सज्जा, त्याच्या टोकाला लोखंडी गोल जिना, जिन्याखाली बादल्या आणि झाडू. पाहुणा बाहेर पडला की मागून शिरायचं, झाडायचं, पुसायचं, बिछाना घालायचा आणि तो परतायच्या आत मागूनच निघायचं. पाहुण्याला झाडू दिसता कामा नये, हा अण्णांचा नियम. थोरली लग्न होऊन आली तेव्हा सासूने, माईंनी, तिला स्वयंपाकघर दाखवायच्या आधी तो गोल जिना दाखवला होता.

इतकी वर्षं तो नियम बिनबोभाट चालला. पाहुणे म्हणायचे, इथे काय जादू आहे कळत नाही, आम्ही फिरून येतो तर खोली पुन्हा नवी. अण्णांना याहून मोठी पावती नको असायची.

मग साथ आली. वरून हुकूम आला आणि सगळ्या खोल्या आजाऱ्यांसाठी घेतल्या गेल्या. दारात गाड्या लागायच्या, माणसं आत यायची, काही बरी होऊन पायी घरी जायची, काही पुन्हा गाडीतून इस्पितळात जायची. साथ सरली, खोल्या परत मिळाल्या. पाहुणे मात्र परतले नाहीत. शहराला ठाऊक होतं. रस्त्याने जाणारे लोक या इमारतीपाशी आले की पलीकडच्या फूटपाथवर जायचे. लहान मुलांना तर मनगट धरून ओढून न्यायचे.

आज सहलवाल्या बाई यायच्या होत्या. दरवर्षी त्या निवृत्त माणसांची एक मोठी टोळी घेऊन यायच्या आणि पुरता आठवडा राहायच्या. त्या आल्या की बाकीचे येतात, असा आजवरचा अनुभव. त्या हो म्हणाल्या तर हॉटेल पुन्हा उघडायचं. नाही म्हणाल्या तर इमारत विकायची, असं दोघा भावांचं ठरलं होतं. धाकट्याचा कल विकण्याकडेच होता, त्याने गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं होतं. ते आज संध्याकाळीच येणार होतं.

काल जेवताना धाकट्याने विचारलं होतं, “वहिनी, तुम्ही कुणाकडून?”

तेव्हा नवरा हात धुवायला उठला होता. थोरलीने हळूच सांगितलं होतं, “तुमच्याकडून, भावजी. थकले मी. रिकाम्या खोल्या झाडून माणूस जास्त थकतं.”

नवऱ्याला हे माहीत नव्हतं.

ती मागून कोपऱ्याच्या खोलीत गेली, अभ्रे घातले, आणि मागचं दार नुसतं लोटून घेतलं. मग खाली येऊन नवऱ्याला म्हणाली, “अण्णांना सांगितलंत ना, आज दुपारी खाली झोपा म्हणून?”

“मी? मला वाटलं तू सांगितलंस.”

“वडील तुमचे.”

“सासरे तुझे.”

तेवढ्यात दारात गाडी वाजली आणि ते बोलणं तिथेच राहिलं.

•

सहलवाल्या बाई उंच होत्या, केस आखूड, पायात चालायचे जाड बूट. दारातच थोरल्याने त्यांच्या कपाळासमोर तापमापक धरला, हातावर जंतुनाशक ओतलं, बॅगेवर फवारा मारला आणि जरासा त्यांच्या बुटांवरही मारला.

“झालं?” बाई म्हणाल्या. “की वाळत घालणार?”

थोरली मागे उभी होती. तिने तोंडातलं हसू गिळलं. थोरल्याला ते कळलं आणि त्याचे कान तापले. हे सगळं त्याने कुणासाठी केलं होतं? सोफ्यांना प्लास्टिक घातलं होतं. काउंटरवर काच उभी केली होती. भिंतीवर अंतराळवीरासारखा पोशाख घातलेल्या माणसाचं चित्र लावलं होतं, हातात फवारणीची नळी. धाकटा कोपऱ्यात उभा राहून ते चित्र न्याहाळत होता, जणू इमारतीबरोबर तेही विकायचं आहे.

“हे कोण?” बाईंनी चित्राकडे बोट केलं.

“आमची सफाईची पद्धत आहे, बाई. आधुनिक.”

“म्हणजे इथे असा पोशाख घालून सफाई करतात?”

“म्हणजे तसं... चित्र आहे ते.”

बाई सोफ्यावर बसल्या. प्लास्टिक करकरलं. त्या लगेच उठल्या.

“हे बघा,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम साधा झाला. “माझ्या मंडळींपैकी काही जण आता नाहीत. जे आहेत त्यांच्या मुलांना मी शब्द देऊन त्यांना घराबाहेर काढणार आहे. मागचे कित्येक दिवस मी हॉटेलंच बघत हिंडतेय. सगळीकडे वास येतो, सगळीकडे पाट्या आहेत, आणि पाट्यांवर सगळीकडे तेच लिहिलंय. वाचून वाचून माझा विश्वास वाढायच्या ऐवजी कमी होत चाललाय. तुमच्याकडे आले कारण इथे आम्ही सुखाने राहिलोय. मला एक खोली दाखवा. कुठली ते मी ठरवते.”

“कुठलीही!” थोरल्याला हुरूप आला. हा त्याचा हुकमाचा पत्ता होता. “सगळ्या बंद आहेत. पट्टी तुमच्या हाताने तोडा.”

समोरचा जिना अरुंद आहे. वर चढताना बाई पुढे, मागे थोरला, त्याच्या मागे थोरली आणि धाकटा. माई सगळ्यांत शेवटी, कठडा धरून. दुसऱ्या मजल्यावर बाई वऱ्हांड्याच्या टोकापर्यंत चालत गेल्या.

“कोपऱ्याची. हिच्यात उजेड छान येतो.”

थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं. त्या खोलीबद्दल घरात कुणी फारसं बोलत नसे.

बाईंनी पट्टी वाचली. पुन्हा वाचली. नखाने कड उचलली आणि एका झटक्यात ओढली. थोरल्याने पुढे होऊन दार उघडलं, हात पसरला आणि म्हणाला, “या. निर्जंतुक झाल्यापासून इथे वाराही शिरलेला नाही.”

आत अण्णा झोपले होते.

पाय जुळवलेले, हात पोटावर, हातांखाली चष्मा. स्वतःची चादर आणून बिछान्यावर पसरली होती आणि त्यावर इतके शिस्तीत झोपले होते की क्षणभर सगळ्यांना भलतंच वाटलं. मग अण्णा घोरले. मोठं, मोकळं, मालकाचं घोरणं.

धाकट्याच्या तोंडून फुस्सकन हसू निसटलं. थोरलीने त्याच्या दंडाला चिमटा काढला आणि स्वतःच भिंतीला टेकून हसायला लागली.

“हे कोण?” बाईंनी विचारलं. चष्म्याशिवाय त्यांना ओळख पटली नाही.

“आमचे... वडील,” थोरला म्हणाला.

“आणि आत कुठून आले?”

थोरल्याने मागच्या दाराकडे पाहिलं. ते उघडंच होतं. सज्ज्यातलं ऊन आत आलं होतं. आणि तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की ज्या घरात सफाईचं माणूस पुढच्या दाराने कधी आत शिरतच नाही, त्या घरात त्याने पुढच्या दारांना पट्ट्या लावल्या होत्या. जन्म या घरात गेला, आणि सकाळी ‘मागून जा की’ म्हणतानासुद्धा त्याला ते सुचलं नाही.

बाईंनी हातातली पट्टी त्याच्यासमोर धरली. “वाचा.”

“बाई, ते...”

“मोठ्याने.”

त्याने वाचलं.

“मग?” बाई म्हणाल्या. “हे कोणीही नाहीत का?”

•

अण्णांना जाग आली ती या प्रश्नाने. त्यांनी पापण्यांमधून पाहिलं. दारात माणसं होती. पाहुणे, एवढं त्यांना कळलं.

“या, या,” ते उठत म्हणाले. “गादी डाव्या अंगाला जरा खचलीय. बाकी ठीक आहे. नळ रात्री टपकत नाही, परवा बदललाय.”

“आजोबा, तुम्ही इथे का झोपलात?”

“दुपारची झोप,” अण्णा चष्मा चढवत म्हणाले. “रोज निराळ्या खोलीत. पाहुण्याच्या जागी आडवं झाल्याशिवाय पाहुण्याला काय टोचतं ते कसं कळणार? बांधलं तेव्हापासूनची सवय आहे.” मग त्यांनी बाईंना ओळखलं. “अरे, तुम्ही! दरसाल येता. उशी मऊ लागते तुम्हाला.”

बाई एवढ्यातच विरघळणाऱ्यांतल्या नव्हत्या. “मला एक खरं सांगा. साथीत इथे आजारी माणसं ठेवली होती का?”

“छे!” थोरला पटकन म्हणाला. “म्हणजे, तशी काही...”

“होती,” अण्णा म्हणाले.

“अण्णा!”

“होती ना रे. सगळ्या खोल्यांत होती. शहराला माहीत आहे, ह्यांनाच तेवढं माहीत नसावं?” ते बाईंकडे वळले. “या खोलीत एक शिक्षक होते. सज्ज्यातून आम्ही ताट ठेवायचो, दार वाजवून बाजूला व्हायचो. ते आतून म्हणायचे, आमटी छान आहे. रोज म्हणायचे. नंतर नंतर त्यांना चव कळत नव्हती, तरी म्हणायचे. मग इस्पितळात नेलं. परत आले नाहीत.”

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली.

“आणि खोल्या परत मिळाल्यावर,” अण्णा म्हणाले, “मी पहिली झोप याच खोलीत घेतली. म्हटलं, मला भीती वाटत असेल तर दुसऱ्याला कुठल्या तोंडाने बोलवू?”

बाई खिडकीपाशी गेल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, “तुम्ही खरं बोललात, बरं वाटलं. पण तुमच्या मुलाने खोटं लिहिलंय. खोटं लिहिलेल्या घरात खरं कुठवर आहे ते मी कसं ओळखू? मला पट्टी नको, चित्र नको. मला सफाई दाखवा. माझ्या डोळ्यांसमोर. आत्ता.”

थोरला, थोरली, धाकटा, तिघांनीही एकदम अण्णांकडे पाहिलं. गिऱ्हाईक येईल म्हणून घड्याळ बघणारा धाकटासुद्धा थांबला. पाहुण्यासमोर झाडू. या घरात हे कधी घडलं नव्हतं. थोरलीचा नवा झाडू एकदा चुकून वऱ्हांड्यात राहिला होता, तर अण्णा दिवसभर तिच्याशी बोलले नव्हते.

“नाही,” अण्णा म्हणाले. “माफ करा. ते होणार नाही.”

“अहो अण्णा,” थोरला कळवळला, “सगळं आता यावरच आलंय!”

“ठाऊक आहे.”

“मग पाहुण्याला झाडू दिसला तर बिघडतं काय?”

“पाहुण्याचं काही बिघडत नाही रे.” अण्णा पुन्हा बिछान्याच्या कडेवर बसले. त्यांनी माईंकडे पाहिलं. माई दारापाशी उभ्या होत्या. “सांगू का गं?”

“सांगा. मुलांचे केस पिकले आता.”

“लग्नाआधी आम्ही दोघं एका मोठ्या हॉटेलात सफाईला होतो,” अण्णा म्हणाले. “तिथे नियम होता. वऱ्हांड्यातून पाहुणा आला की हातातलं काम टाकायचं आणि भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. तो निघून जाईपर्यंत. त्याला आपलं तोंड दिसू नये म्हणून.”

“तिथेच आमची ओळख झाली,” माई म्हणाल्या. “शेजारी शेजारी उभे असायचो, भिंतीकडे तोंड करून. भिंतीला पोपडे आले होते. ह्यांना ते हत्तीसारखे दिसायचे. मला ढगासारखे.”

“हत्तीच होते ते.”

“ढग होते.”

थोरला वडिलांकडे बघतच राहिला. जन्मभर त्याला वाटत आलं होतं की नियम पाहुण्यांच्या सुखासाठी आहे.

“स्वतःचं बांधलं तेव्हा ठरवलं,” अण्णा म्हणाले, “माझ्या हॉटेलात कुणी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं नाही. म्हणून हा सज्जा. पाहुणा समोर येणारच नाही, मग तोंड फिरवायचा प्रश्नच कुठे आला?”

सज्ज्यातलं ऊन सरकत त्यांच्या पायांपर्यंत आलं होतं. त्या अरुंद सज्ज्यात थोरलीने किती वेळा मनातल्या मनात या माणसाला शिव्या घातल्या होत्या. पावसात निसरडा होतो, उन्हात तापतो, दोघी समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. आता तिला तो दुसराच काहीतरी वाटला. कुणीतरी आपल्यावर धरलेला हात, इतकी वर्षं न दिसलेला.

“पण अहो,” माई हळूच म्हणाल्या, “एक बोलू? सज्जा म्हणजे तरी काय? भिंतच की. आपण तिच्या मागच्या अंगाला उभे राहिलो, एवढंच.”

अण्णांनी उघड्या मागच्या दाराकडे पाहिलं.

“त्या शिक्षकांना मी शेवटपर्यंत पाहिलं नाही,” माई म्हणाल्या. “दार वाजवायचं आणि बाजूला व्हायचं. कोण होतं ताट ठेवणारं, ते न बघताच माणूस गेला. मला नाही आवडलं ते. साथीचं सोडा, तेव्हा इलाज नव्हता. पण आता आहे.”

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. खोली इतकी शांत होती की न टपकणारा नळही ऐकू यावा. मग ते उठले.

“पुढची दारं उघडा,” ते म्हणाले. “सगळी.”

“आणि पट्ट्या?” थोरल्याने विचारलं.

“फाड.”

माईंनी बाह्या वर सरकवल्या.

•

धाकटा गिऱ्हाइकाला घ्यायला नाक्यापर्यंत गेला होता. गिऱ्हाईक म्हणजे एक मऊ बोलणारा गृहस्थ, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलताना दर वाक्याला “म्हणजे, तुमची हरकत नसेल तर.” दोघं बोलत बोलत वळणावर आले आणि धाकट्याचे पाय थांबले.

इमारत ओळखू येत नव्हती.

पुढच्या गॅलऱ्यांमध्ये आजवर फक्त कुंड्या आणि रिकाम्या खुर्च्या असायच्या. आता तिथे गाद्या होत्या. वरपासून खालपर्यंत, प्रत्येक कठड्यावर, उन्हात पाठ टाकून पडलेल्या गाद्या. त्यांच्यामध्ये उशा, रग, पडदे. पडद्यांत वारा भरला होता आणि ते इमारतीच्या अंगावरून आत-बाहेर होत होते, जसा झोपेतून उठलेला माणूस खोल श्वास घेतो. सगळ्या खिडक्या सताड. आरपार दिसत होतं. पुढच्या खिडकीतून मागचा सज्जा, सज्ज्यापलीकडचं आभाळ. या घरात तो जन्मला, वाढला, भांडला, आणि घराच्या आतून आभाळ दिसतं हे त्याला आज कळत होतं.

समोरच्या पायऱ्यांवरून साबणाचं पाणी उतरत होतं. दुसऱ्या मजल्यावर थोरला, पट्ट्यांचे निळे तुकडे केसांत अडकलेले, खिडकीची काच पुसत होता आणि आतून बाईंचा आवाज येत होता, “वरचा कोपरा राहिला!” “पुसतो, बाई!” “फडका बदला. तो आधीच्या खोलीचा आहे.” “बदलतो!”

आणि कोपऱ्याच्या गॅलरीत अण्णा. खुर्चीत बसून, रस्त्याकडे तोंड करून, वेताच्या छडीने गादी झोडपत होते. प्रत्येक फटक्याला धूळ उठायची, उन्हात सोन्यासारखी चमकायची आणि विरून जायची. धाकट्याने वडिलांना गल्ल्यावर पाहिलं होतं, जेवताना, आजारपणात पाहिलं होतं. काम करताना कधीच पाहिलं नव्हतं. ते नेहमी मागच्या बाजूला असायचं. म्हातारा मारत होता ते ताकदीने नव्हे, लयीत. छडी उठायची, थांबायची, पडायची. ते हात ही गोष्ट विसरलेले नव्हते.

पलीकडच्या फूटपाथवर माणसं थांबली होती. शिंपी दुकानातून बाहेर आला होता, गळ्यात टेप. पाव विकणारा सायकल धरून उभा होता. एक बाई मुलाचं मनगट धरून उभी होती, आणि मूल वर बोट दाखवून विचारत होतं, “आई, त्यांनी घर उलटं केलंय का?”

“हो रे,” ती म्हणाली. “खिसा उलटा करतात ना, तसं.”

मग शिंप्याने रस्ता ओलांडला. काही विशेष केल्यासारखा नाही, असाच, अधिक नीट दिसावं म्हणून. तो गॅलरीखाली येऊन उभा राहिला आणि वर बघून ओरडला, “अण्णा, जोर कमी पडतोय!”

“तू ये मग!” अण्णा वरून म्हणाले.

त्याच्या मागून पाववाला आला. मग ती बाई. मुलाचं मनगट तिने कधी सोडलं ते तिलाही कळलं नसावं, कारण मूल तिच्या आधीच पायऱ्यांवरच्या साबणाच्या पाण्यात पाय बुडवून उभं होतं.

साथ आल्यापासून या बाजूच्या फूटपाथवर एवढी माणसं धाकट्याने पाहिली नव्हती.

“जागा उत्तम आहे,” गिऱ्हाईक म्हणालं. “तुमची हरकत नसेल तर, आत जाऊन बघू या?”

“आज नको,” धाकटा म्हणाला.

“का बरं?”

“आज घर धुवायला काढलंय.”

“मग उद्या?”

“उद्या वाळत असेल.” आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. तो वळून म्हणाला, “माफ करा हां. तुम्हाला उगीच इथवर यायला लावलं.” आणि बूट काढून, हातात धरून, ओल्या पायऱ्या चढायला लागला.

वर थोरली एक गादी एकटीने उलटवायच्या खटपटीत होती. त्याने दुसरं टोक धरलं.

“वहिनी, काल तुम्ही म्हणाला होतात...”

“गादी खाली टेकवू नका, भावजी. ओलं आहे.”

“बरं.”

“आणि कालचं,” थोरली गादीआडून म्हणाली, “काल मी नुसत्या रिकाम्या खोल्या झाडत होते.”

•

ऊन कलायला लागलं तेव्हा सहलवाल्या बाईंचे सगळे मजले पाहून झाले होते. कोपऱ्याच्या खोलीत त्या पुन्हा एकदा एकट्याच गेल्या आणि थोड्या वेळाने बाहेर आल्या. अण्णा वऱ्हांड्यात, जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले होते. छडी मांडीवर होती आणि चेहरा हलका झाला होता. शेजारी थोरला कठडा पुसत होता. तो उभा राहिला, काहीतरी छान बोलावं म्हणून त्याने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. दिवसभरात पहिल्यांदाच त्याला बोलायची गरज वाटली नाही.

“माझी माणसं हळू चढतात,” बाई कठड्यावर हात ठेवून म्हणाल्या. “ह्याचाच आधार घेत. हा रोज असाच त्यांच्यासमोर पुसाल?”

“पुसू,” थोरला म्हणाला.

“सज्ज्यातून येऊन नाही. समोरून.”

“समोरून.”

“मग महिनाअखेरीला खोल्या धरून ठेवा. सगळ्या. आणि त्या शिक्षकांची गोष्ट मीच सांगेन मंडळींना. ज्याला राहायचं तो राहील.” त्या अण्णांकडे वळल्या. “तुमची दुपारची झोप चालू ठेवा, आजोबा. फक्त आधी दार वाजवा.”

थोरलीने तोंडावर हात दाबला. धाकट्याने भावाच्या पाठीवर हात ठेवला. थोरला तसाच, ओला फडका हातात, उभा राहिला. फडक्याचं पाणी त्याच्या पायावर ठिबकत होतं आणि त्याला कळत नव्हतं.

बाई जिना उतरायला लागल्या. त्याच वेळी खालून माई वर येत होत्या, भरलेली बादली घेऊन, समोरच्या जिन्याने. जिना अरुंद. मधल्या वळणावर दोघी समोरासमोर आल्या.

माईंनी बादली खाली ठेवली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

त्यांनी ते ठरवून केलं नव्हतं. अंगाने केलं. एवढ्या वर्षांत कधी लागलं नव्हतं, तरी अंग विसरलं नव्हतं. वरून अण्णांनी पाहिलं आणि खुर्चीचे हात घट्ट धरले. त्यांना हाक मारायची होती.

पण बाई पुढे आल्याच नाहीत. माईंनी बादली ठेवायच्या आधीच त्या बाजूला झाल्या होत्या. पाठ भिंतीला लावून, बॅग पोटाशी धरून, जाड बूट पायरीच्या कडेला जुळवून उभ्या होत्या. वाट मोकळी ठेवून.

“माई,” त्या म्हणाल्या. “या ना. आधी तुम्ही. तुमच्या हातात भरलेली बादली आहे.”

माई वळल्या. हळूच, खात्री नसल्यासारख्या. पाहुणी भिंतीला चिकटून उभी होती आणि त्यांच्याकडे बघत होती. त्यांच्या तोंडाकडे.

माईंनी बादली उचलली. बाईंच्या अगदी जवळून, खांद्याला खांदा घासेल इतक्या जवळून त्या पुढे आल्या. पाणी डुचमळलं, दोन थेंब बाईंच्या बुटावर उडाले. बाईंनी ते पुसले नाहीत. माई एकेक पायरी चढत वर आल्या, मान वर, चेहऱ्यावर कलत्या उन्हाची तिरीप. अण्णा उभे राहिले होते. कधी उभे राहिले, त्यांना आठवत नव्हतं. आपल्या या बायकोला त्यांनी तारुण्यात पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिचा फक्त एक कान दिसला होता आणि केसांची कड. बाकीचं भिंतीकडे होतं.

माई शेवटच्या पायरीवर आल्या आणि थांबल्या.

“बघताय काय?” त्या म्हणाल्या. “धरा.”

अण्णांनी बादली धरली.